‘नको’ म्हणण्याची सोय

गणपती उठले की आठवड्याभरात फोनमध्ये चकल्या उमटायला लागतात. शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, योगाच्या क्लासचा ग्रुप, सासरच्या आत्येभावंडांचा ग्रुप. सगळीकडे तेच ताट, कडेला दोन पणत्या आणि खाली ‘घरची भाजणी, ऑर्डर सुरू’. पाठवणारी बहुधा ओळखीची असते. चकलीही खरोखर चांगली असते. तरी पाचव्या फोटोनंतर आपण ग्रुप म्यूट करतो आणि ती जिन्यात भेटलीच तर उगाच फोन कानाला लावून वर चढतो. त्याच गावात दुसरी एखादी बाई असते. पुरणपोळ्या करते, कुणाच्या मागे लागलेली कधी दिसत नाही, आणि होळीच्या आठ दिवस आधी तिची वही भरलेली असते.

पहिली फार बोलते आणि दुसरी कमी, असं यावर सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मंडईत भाजीवाली सकाळपासून ओरडत असते, ‘ताजी मेथी, दहाला जुडी’. तिचा कुणाला राग येत नाही, कारण तिच्यासमोरून न थांबता पुढे जायला काही लागत नाही. तिला ‘नको’सुद्धा म्हणावं लागत नाही. घरून धंदा करणारीची अडचण इथेच सुरू होते. तिचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नणंद, शेजारीण, मुलाच्या मित्राची आई. त्यांना ‘नको’ म्हणायचं तर नात्यातलं काहीतरी मोजून द्यावं लागतं. लोक कंटाळतात ते जाहिरातीला नाही, या किमतीला. तेव्हा मागे न लागता धंदा वाढवायचा म्हणजे आवाज बारीक करायचा असं नव्हे. समोरच्याचं ‘नको’ स्वस्त करायचं.

ते मुद्दाम महाग ठेवून धंदा कसा चालतो, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. अर्ल टपरने १९४६ च्या सुमारास झाकणबंद प्लास्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते फारसे खपेनात. झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हेच लोकांना कळत नव्हतं. ब्राउनी वाइज नावाची बाई तेच डबे घरगुती बैठकांतून दणक्यात विकत होती. टपरने १९५१ मध्ये तिच्या हाती विक्री सोपवली आणि माल दुकानांतून काढूनच घेतला. पुढे १९५४ साली ‘बिझनेस वीक’च्या मुखपृष्ठावर झळकलेली ती पहिली स्त्री ठरली. पद्धत साधी होती. एका गृहिणीने मैत्रिणींना घरी बोलवायचं, खाणंपिणं करायचं, खेळ खेळायचे, डबे दाखवायचे, आणि जी विक्री होईल त्यावर यजमानणीला भेटवस्तू.

डबे चांगले होते यात वाद नाही. पण विकत कोण होतं? जोनाथन फ्रेन्झेन आणि हॅरी डेव्हिस या दोन संशोधकांनी १९९० मध्ये अशा घरगुती बैठकांतल्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. यजमानणीशी नातं जितकं घट्ट, तितकी काहीतरी विकत घेतलं जाण्याची शक्यता जास्त, असं त्यांना दिसलं. पण नात्यामुळे खरेदीचं प्रमाण मात्र वाढलेलं दिसलं नाही. फराळ विकणाऱ्या प्रत्येकीने हा निष्कर्ष वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. ओळखीपोटी माणूस घेतो, पण सुटण्यापुरतं घेतो. आपल्या भाषेत, पाव किलो चिवडा. पाव किलोवाली दहा गिऱ्हाइकं मिळाली की वाटतं, धंदा लागला मार्गी. पुढच्या दिवाळीला त्यातली आठ जणं ‘यंदा डाएट आहे गं’ म्हणतात.

आपल्याकडे या बैठकीची जागा हळदीकुंकवाने आणि भिशीने घेतली आहे. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत हळदीकुंकवाला बोलवायचं आणि वाण देऊन झाल्यावर आतल्या खोलीत पलंगावर कुर्ते मांडून ठेवायचे, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. मांडायला माझी हरकत नाही. आमंत्रणातच ‘कुर्त्यांचं प्रदर्शनही आहे’ असं लिहिलं असेल तर ज्यांना नको त्या हळदीकुंकू घेऊन निघतात. न सांगता मांडलं की सवाष्ण म्हणून आलेली बाई एकदम गिऱ्हाईक होऊन बसते, आणि तिचा पाय त्या घरी पुन्हा पडताना जड होतो.

दाबल्यावर माणूस उलट दिशेला जातो, हे मानसशास्त्राने नीट मांडलेलं आहे. जॅक ब्रेहम यांनी १९६६ मध्ये सांगितलं की निवडीचं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला धडपडतो, कधीकधी वस्तू आवडत असूनही ती नाकारतो. याच्या उलट बाजूचा एक प्रयोग मला फार आवडतो. फ्रान्समध्ये निकोलस गेगेन आणि अलेक्झांडर पास्कल यांनी २००० साली रस्त्यावरच्या अनोळखी माणसांकडे बसभाड्यापुरते सुटे पैसे मागितले. नुसतं मागितलं तेव्हा साधारण दहा टक्के लोकांनी दिले. त्याच विनंतीला ‘पण द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा’ अशी जोड दिली, तर प्रमाण सत्तेचाळीस टक्क्यांच्या आसपास गेलं. पुढे २०१३ मध्ये असे ४२ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हाही परिणाम टिकलेला दिसला. अर्थात हे वाक्य मंत्रासारखं पुटपुटून उपयोग नाही. ‘घ्यायलाच पाहिजे असं काही नाही हं’ असं म्हणत पिशवी पुढे करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

आता मुंबईतलंच उदाहरण. गिरगावातल्या लोहाणा निवास या चाळवजा इमारतीच्या गच्चीवर १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. हीच पुढची ‘लिज्जत’. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट जिद्द आणि सक्षमीकरण यांसाठी इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यातली धंद्याची बाजू झाकली जाते. माल पहिल्यापासून दुकानदाराकडे गेला. चाळीत सातजणींच्या ओळखीची कितीतरी बिऱ्हाडं असणार. पण पाकिटं गेली ती जिथे पापड घ्यायचे की नाही हे गिऱ्हाईक काउंटरसमोर उभं राहून, बनवणारीचा चेहरा न बघता ठरवू शकतं अशा ठिकाणी. शेजाऱ्यांना काय मिळालं? तुटलेले पापड, फुकट. विकायचा माल दुकानात आणि वाटायचा माल शेजारी, अशी ती सरळ विभागणी होती. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक जरा हलका नि स्वस्त. पारेख यांनी सांगितलं, एकच करा आणि तो चांगला करा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला, पापड खाटेवर आणि खाली स्टोव्ह. गिऱ्हाइकाला दुकानात पापड बारा महिने मिळायला लागला, ही त्या काळातली त्यांची जाहिरात. रामदास पाध्ये यांचा पापड खाणारा ससा टीव्हीवर यायला अजून बराच अवकाश होता.

आजची घरउद्योजिका दुकानाआधी व्हॉट्सॲपवर जाते, ते साहजिक आहे. या एका ॲपमध्ये बोलण्याच्या निदान तीन वेगळ्या जागा आहेत आणि प्रत्येक जागी ‘नको’ची किंमत वेगळी आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं.

ग्रुपमध्ये ती सगळ्यात जास्त. ग्रुप कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढलेला असतो. टँकर कधी येणार, लिफ्ट कुणी बंद पाडली, यासाठी. तिथे मोदकांचा फोटो टाकला की दोनशे जणांना तो बघावाच लागतो, आणि कुणीच काही बोललं नाही तर टाकणारीलाही कानकोंडं होतं. वर आपणच नवा ग्रुप काढून ओळखीच्या सगळ्यांना न विचारता त्यात ओढायचं, हा तर कळस. त्यातून बाहेर पडलं की ‘अमुक लेफ्ट’ अशी नोंद निदान ॲडमिनला दिसते. लोकांच्या तक्रारी इतक्या होत्या की आपल्याला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं हे ठरवायची सोय व्हॉट्सॲपला २०१९ मध्ये द्यावी लागली. सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात करायचीच असेल तर सेक्रेटरींना विचारून आठवड्याचा एक वार ठरवून घ्यावा. काही ठिकाणी रविवार तसा ठेवलेला असतो, आणि मग त्या दिवशी लोक आपणहून बघतात.

दुसरी जागा ब्रॉडकास्ट यादी. हिच्यात एक सुंदर अडसर आहे. ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तुमचा ब्रॉडकास्ट निरोप पोचतो. पुष्कळ जणी याला ॲपचा दोष समजून वैतागतात. माझ्या मते तो आयता मिळालेला शिष्टाचार आहे. ‘पुढच्या ऑर्डरची खबर हवी असेल तर माझा नंबर सेव्ह करा’ एवढं डब्याबरोबरच्या चिठ्ठीवर लिहावं. ज्याला हवं तो करेल. ज्याने केलं नाही त्याने न बोलता ‘नको’ म्हटलं, आणि दोघांनाही अवघडायला झालं नाही.

तिसरी जागा स्टेटस. चोवीस तासांनी पुसलं जातं, कुणाच्या फोनवर टुणकन वाजत नाही, ज्याला वाटेल तो उघडून बघतो. मंडईच्या सगळ्यात जवळची जागा हीच. रोज सकाळी आज काय केलं याचा एक फोटो इथे टाकला तर कुणाचीच तक्रार येत नाही, आणि सहा महिन्यांनी एखादी लांबची ओळखीची म्हणते, ‘तुमचे ते धिरडी-पिठाचे फोटो बघते हं मी रोज.’ कोण बघतं याची यादी मात्र बघू नये आणि बघितलीच तर त्यावरून मेसेज अजिबात करू नये.

निरोपाच्या मजकुरातली एक खोड इथेच सांगायला हवी, कारण ती अतिशय पसरली आहे. ‘भावासाठी पर्सनलवर या.’ लिहिणारीला वाटतं, भाव बघून लोक पळू नयेत, आधी बोलणं तर होऊ दे. वाचणाऱ्याच्या बाजूने बघा. ७०० रुपये किलो अनारसे त्याला परवडणार की नाही हे मनातल्या मनात ठरवून तो गप्प पुढे गेला असता. आता त्याला विचारावं लागतं, भाव ऐकावा लागतो आणि मग ‘बरं, सांगते’ असं काहीतरी पुटपुटत निसटावं लागतं. मग तो विचारतच नाही. भाव, वजन, ऑर्डरची शेवटची तारीख, डबा न्यायला कुठे यायचं, आगाऊ किती द्यायचे. हे सगळं एका निरोपात आलं की पुढची निम्मी खुशामत वाचते. ओळखीत भाव लिहायला संकोच वाटतो हे खरं. पण न लिहिलेला भाव ओळखीतच जास्त नडतो. मावशीला वाटतं घरचंच आहे, आणि पैसे द्यायचे विसरते. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायका या ओळखी-उधारीच्याच चक्रात होत्या. गिरणी कामगार महिन्याने पैसे देणार, तोवर वाण्याकडून किराणा उधार आणि त्यावर चढं व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं तेव्हा कुठे ते चक्र सुटायला लागलं. त्यांच्या हाताच्या चवीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

चव द्यायला नमुना द्यावा का? जरूर द्यावा. डेव्हिड मॅककॉनेल हा न्यूयॉर्कमधला दारोदार पुस्तकं विकणारा माणूस; बायकांनी दार उघडावं म्हणून तो अत्तराच्या छोट्या कुप्या भेट द्यायचा. बायकांना पुस्तकापेक्षा अत्तरच आवडतंय हे लक्षात आल्यावर त्याने १८८६ मध्ये अत्तराचा धंदा काढला, आणि त्याचीच पुढे ‘एव्हॉन’ झाली. म्हणजे नमुन्याने विकणाऱ्यालाही काहीतरी कळतं. पण फुकट घेतलेल्याची परतफेड करावी अशी ओढ प्रत्येकाला असते, आणि नमुना देऊन दुसऱ्या दिवशी ‘मग, कसा वाटला? किती टाकू?’ असं विचारलं की तो नमुना कर्जासारखा अंगावर येतो. द्यावा आणि विसरावं. डब्यावर नाव, फोन आणि भाव असला की आठवण करून द्यायचं काम डबा करतो.

डब्याला कमी लेखू नका. घरून खाद्यपदार्थ विकायचे तरी एफएसएसएआयची नोंदणी लागते, तिचा चौदा अंकी क्रमांक मिळतो. तो क्रमांक, पदार्थात काय काय आहे, कधी बनवला, किती दिवस टिकेल, शाकाहारी असेल तर हिरवी खूण. हे स्वच्छ छापलेलं लेबल तुम्ही हजर नसलेल्या घरात तुमच्या वतीने बोलतं. आणि धंदा खरा वाढतो तो तिथेच. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, ज्याने खबर दिली तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? ‘नेहमी’ असं म्हणणारे सतरा टक्क्यांच्या आतच निघाले. बाकीच्यांना नोकरी अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली होती. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, लांबच्यांचं जग वेगळं असतं. तो अभ्यास नोकऱ्यांचा होता, शंकरपाळ्यांचा नव्हे, पण हिशेब लागू पडतो. जवळची तीस घरं किती शंकरपाळे खातील? शेजारणीने ऑफिसात नेलेला डबा तिच्या टेबलाभोवतीच्या ज्या सहाजणींनी खाल्ला, त्यांना तुमच्याशी कसलीच भीड नाही. त्यांतली एक जरी फोन करून ‘एक किलो’ म्हणाली तर ती पाव किलोच्या दहा मुरवतींपेक्षा पक्की ऑर्डर.

मागे लागण्याला आता कायद्यातही नाव मिळालं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तेरा प्रकार आहेत: पुन्हा पुन्हा टोचणं, खोटी घाई लावणं, नकार देणाऱ्याला लाजवणं हे त्यांतले. ती मुख्यतः ऑनलाइन व्यवहारांसाठी आहेत, पण यादी वाचताना ओळखीचे चेहरे डोळ्यांसमोर येतात. ‘शेवटचे दोनच डबे’ असं तीन दिवस सांगणारी. ‘मुलांच्या तब्येतीपुढे शंभर रुपये काय गं?’ म्हणणारी. दोनच डबे खरोखर उरले असतील तर तसं सांगणं ही माहिती आहे. फ्रिजमध्ये वीस ठेवून सांगणं ही थाप, आणि सोसायटीत थाप दोन दिवसांत उघडी पडते.

साखळी विक्रीबद्दल थोडक्यात. २८ डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जायचं नाही, आणि ‘आणखी गिऱ्हाइकं आणून द्या म्हणजे तुमचे पैसे वसूल होतील’ असं आमिष दाखवायचं नाही. पिरॅमिड योजनेला तर सरळ बंदीच. जिथे माल विकण्यापेक्षा माणसं जोडण्यात कमाई जास्त आहे, तिथे मागे न लागता काम कसं करायचं हा प्रश्नच गैरलागू आहे, कारण मागे लागणं हेच तिथलं काम असतं.

चांगला धंदा करणाऱ्या बाईचं वर्ष आधीच आखलेलं असतं. पाडव्याला श्रीखंड, एप्रिल-मेमध्ये वर्षाचे मसाले, गणपतीत उकडीचे मोदक, मग फराळ, शेवटी होळीच्या पोळ्या. हे वेळापत्रक एका कागदावर छापून वर्षातून एकदा दिलं की बाराही महिने आठवण करायला नको. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांना तर तारखा आधीच कळायला हव्या असतात. न्यू जर्सीतल्या लेकीला डबा वसुबारसेच्या आत मिळायचा तर इथून तो बराच आधी निघायला लागतो. ‘पुढच्या वर्षी आठवण करू का?’ असं डबा देतानाच विचारून, हो म्हणणाऱ्यांच्याच नावापुढे खूण करावी. यंदा ज्यांनी घेतलं नाही त्यांना कारण विचारू नये.

आणि वही भरली की तसं सांगून टाकावं. ‘यंदाच्या ऑर्डर संपल्या, आता जमणार नाही’ असं स्टेटसवर लिहायला पुष्कळ जणींचं मन होत नाही. रात्री दोनपर्यंत तळत बसतात आणि शेवटच्या घाण्यातली चकली तेल पिते. त्याऐवजी पलीकडच्या गल्लीत जी बाई चांगली चकली करते तिचा नंबर, तिला विचारून, गिऱ्हाइकाला द्यावा. मे महिन्यात ती मसाल्याची गिऱ्हाइकं इकडे पाठवते.